रात्री पावणेअकराला पाखरू बोललं

चुलीपुढे, शिलाई मशीनवर, गोठ्यात, जिथं कुठं आपला रेडिओ चालू असेल तिथं बसलेल्या सगळ्यांना आमच्या गटाचा नमस्कार.

दर महिन्याला आम्ही इथं येतो ते कामाचं बोलायला. व्याज कसं मोजायचं, हप्ता का चुकवायचा नाही, रक्त कमी असेल तर काय खायचं, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं. आजचा विषय तसा नाही. आज आम्ही एका बाईची आणि एका पाखराची गोष्ट सांगणार आहोत. बाई चेलो वाजवणारी, पाखरू रानातलं, आणि गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, इंग्लंडमधली. पण ती फिरून फिरून आमच्या दारात आली आणि तिनं आम्हाला एक गोष्ट कबूल करायला लावली. तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

सुरुवात झाली मासिक बैठकीत. हप्ते गोळा झाले होते, वही मिटली होती, चहा व्हायचा होता. आमच्या एका सदस्याची लेक सुट्टीला घरी आली होती. कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाली, "डोळे मिटून ऐका आणि काय वाटतं ते सांगा." आधी नुसती खरखर. मग एक खोल, भरदार आवाज, सारंगीसारखा पण सारंगीपेक्षा खालच्या सुरातला. आणि त्याच्यावर मध्येच शिट्ट्या, टिकटिक, पाणी उकळल्यासारखी बुडबुड.

एक आक्का म्हणाल्या, "कुणीतरी रडतंय आणि पाखरू त्याची समजूत घालतंय."

पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, "छे, आक्का, दोघं भांडतायत."

दोघींपैकी कुणाचं बरोबर, ते पुढं येईलच. तेवढ्यात तिसऱ्या काकी म्हणाल्या, "ते असू दे. पण ह्याचा उपेग काय?" हा प्रश्न लक्षात ठेवा. शंभर वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न एका मोठ्या साहेबालाही पडला होता.

आधी चेलो म्हणजे काय ते सांगतो. व्हायोलिन आपण पाहिलेलं असतं. चेलो त्याच घराण्यातला, पण थोरला. इतका मोठा की खांद्यावर धरता येत नाही. खुर्चीवर बसून तो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरतात, खाली एक टोकदार दांडी असते ती जमिनीवर टेकवतात. तारा चार. गजानं वाजवतात. त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा असतो, म्हणून तो ऐकताना कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. आता गुडघ्यांत धरायचं वाद्य म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या काळी तिकडेसुद्धा बाईनं असं बसणं शोभत नाही असं मानत. काही बायका दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, अवघडून बसून चेलो वाजवायच्या.

आपल्या गोष्टीतली बाई म्हणजे बिॲट्रिस हॅरिसन. तिचा जन्म कुठं झाला असेल? आपल्याच देशात, १८९२ साली, रुरकीला. रुरकी आता उत्तराखंडात आहे. वडील इंग्रजी लष्करात अभियंता अधिकारी होते. बिॲट्रिस तान्ही असतानाच घर इंग्लंडला परतलं. आईला गाण्याची मोठी आवड होती, पण गायिका व्हायचं तिचं राहून गेलं. तिनं चारही मुलींना संगीतात घातलं. मे आणि मार्गारेट व्हायोलिन शिकल्या, मोनिका गायची, आणि बिॲट्रिसच्या वाट्याला चेलो आला. आपलं राहिलेलं लेकींकडून पुरं करून घेणारी आई आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. कधी त्यानं लेकीचं भलं होतं, कधी ओझं होतं. इथं चौघी बहिणी नावारूपाला आल्या.

बिॲट्रिसला १९१०मध्ये, सतराव्या वर्षी, बर्लिनमध्ये मेंडेलसन पारितोषिक मिळालं. एडवर्ड एल्गार हे इंग्लंडचे त्या काळचे सर्वांत मोठे संगीतकार. त्यांनी चेलोसाठी लिहिलेली मोठी रचना स्वतःच्या दिग्दर्शनाखाली रेकॉर्ड करायची ठरवली, तेव्हा वाजवायला बिॲट्रिसलाच घेतलं. म्हणजे बाई छंद म्हणून वाजवणारी नव्हती. मोठमोठ्या सभागृहांत वाजवायची, लोक तिकीट काढून ऐकायला यायचे.

या बहिणी लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात, ऑक्स्टेड गावाजवळ राहायला गेल्या. घराचं नाव फॉयल रायडिंग. भोवती बाग, आणि बागेला लागून रान. १९२३ सालच्या वसंतात एका रात्री बिॲट्रिस चेलो घेऊन बाहेर बसली आणि एक रशियन रचना वाजवू लागली. त्या रचनेचं नावच 'हिंदू गीत' असं आहे. एका रशियन ऑपेरामधला भारतातून आलेला व्यापारी ते गातो. रुरकीला जन्मलेली बाई रात्रीच्या अंधारात नेमकं तेच वाजवत होती, हा योगायोग आम्हाला फार आवडला.

वाजवून झाल्यावर ती थांबली आणि सहज गज तारांवरून वरखाली फिरवू लागली. तेवढ्यात झाडीतून उत्तर आलं. चेलोच्या सुरासारखाच सूर. तिनं पुन्हा वाजवलं, पुन्हा उत्तर आलं. तो नाइटिंगेल पक्षी होता. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्रीही तेच.

आता हा पक्षी कोण? मराठी पुस्तकांत त्याला कधी कधी बुलबुल म्हटलेलं असतं, पण आपल्या अंगणातला तुरेवाला बुलबुल वेगळा. नाइटिंगेल आपल्याकडे नसतो. चिमणीएवढा, तपकिरी, दिसायला अगदी साधा. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो, एप्रिलच्या मध्यावर हजारो किलोमीटर उडून इंग्लंडला पोचतो आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत गातो. एकेका नराकडे दोनशेच्या आसपास वेगवेगळ्या ताना असतात. होय, गातो तो नर. कवींनी तिकडे त्याला बाई करून टाकलंय, जसं आपण 'कोकिळा गाते' म्हणतो. आपल्याकडेही कुहूकुहू करतो तो नरच, काळा कुळकुळीत कोकिळ. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिचा आवाज किक् किक् असा. तर नाइटिंगेलचा ज्या नराला जोडीदारीण मिळालेली नसते, तो रात्रभर गात राहतो.

बिॲट्रिसला वाटलं, हे आपण एकटीनंच ऐकायचं का? तिनं बीबीसीला विचारलं. बीबीसी तेव्हा दीड वर्षाचं पोर होतं, १९२२च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं. कार्यक्रम व्हायचे ते स्टुडिओच्या चार भिंतींत, नाहीतर एखाद्या सभागृहातून, हॉटेलातून. रानात मायक्रोफोन न्यायचा आणि पाखराचं गाणं त्याच क्षणी घराघरांत पोचवायचं, हे कुणी केलेलं नव्हतं. तिथले मुख्य साहेब होते जॉन रीथ. त्यांना ही कल्पना पोरखेळ वाटली. खर्च किती! यंत्रं न्यायची, माणसं न्यायची, आणि पाखरू गायलंच नाही तर? बाकीच्या कामात उपयोग काय त्याचा? बघा, आमच्या काकींचाच प्रश्न.

बिॲट्रिसनं हट्ट सोडला नाही. आम्हाला या गोष्टीत तिचा चेलो जितका आवडला, तितकाच तिचा हा हट्ट आवडला. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून "साहेब, हे होऊ शकतं" असं सांगायला काय लागतं ते आपल्यापैकी ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. आणि ती काही अनुदान मागत नव्हती. ती म्हणत होती, लोकांना एक पाखरू ऐकू द्या.

शेवटी साहेब तयार झाले. दिवस ठरला १९ मे १९२४. अभियंते यंत्रं घेऊन बागेत आले. लांबचा बारीक आवाज पकडणारा नवा मायक्रोफोन झाडीजवळ लावला, आवाज मोठा करणारी यंत्रं बागेतल्या छोट्या घरात ठेवली, आणि तिथून टेलिफोनच्या तारेनं आवाज लंडनला न्यायचा असं ठरलं. त्या रात्री रेडिओवर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधल्या वाद्यवृंदाचं नाचाचं संगीत चालू होतं. पाखरू गायला लागलं की ते थांबवायचं आणि बाग जोडायची.

बिॲट्रिस झाडीत बसून वाजवू लागली. एल्गार वाजवलं, ड्वोर्झाकचं आईच्या आठवणीचं गाणं वाजवलं, आयर्लंडची एक जुनी लोकधून वाजवली. पाखरू गप्प. तास गेला. पाखरू गप्प. मे महिना असला तरी तिकडे रात्री गारठा असतो. सगळे अंधारात श्वास धरून बसलेले. कार्यक्रम अकराला संपायचा होता. साहेबांचं म्हणणं खरं ठरणार, असंच वाटत असेल सगळ्यांना.

आणि रात्री पावणेअकराच्या सुमाराला, शेवटची पंधरा मिनिटं उरलेली असताना, गाणं सुरू झालं.

सुमारे दहा लाख लोकांनी ते ऐकलं असं सांगतात. त्या काळी घरोघरी मोठे रेडिओ नव्हते, लोक कानाला हेडफोन लावून आळीपाळीनं ऐकायचे. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता त्यांना कुणी कुणी टेलिफोनचा रिसीव्हर रेडिओजवळ धरून ऐकवलं. नंतर बिॲट्रिसला पन्नास हजार पत्रं आली. ज्या माणसांनी जन्मात नाइटिंगेल ऐकला नव्हता, शहरातल्या कोंदट खोल्यांत राहणारी, अंथरुणाला खिळलेली, त्यांना ती रात्र घरबसल्या मिळाली. काकी, हा उपयोग. पत्रावर नुसतं 'नाइटिंगेलवाल्या बाईंना' असं लिहिलं तरी ते तिला पोचायचं. पुढं बारा वर्षं, दर मे महिन्यात, हा कार्यक्रम होत राहिला. कुत्र्याचं चित्र असलेली तबकडी आपल्या आजोबांच्या घरी असायची ना, त्याच हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनं १९२७मध्ये तिच्या बागेत येऊन चेलो आणि पाखरू दोन्ही रेकॉर्ड केलं. आम्ही मोबाइलवर ऐकलं ते हेच.

१९३६मध्ये बिॲट्रिस ते घर सोडून गेली, पण बीबीसी त्या बागेत जात राहिली, नुसत्या पाखराचं गाणं घ्यायला. १९४२चा मे आला. महायुद्ध चालू होतं. मायक्रोफोन लावलेला, पाखरू गातंय, आणि दुरून घरघर ऐकू यायला लागली. इंग्लंडची १९७ बॉम्बफेकी विमानं जर्मनीतल्या मानहाइम शहराकडे निघाली होती. अभियंत्याच्या लक्षात आलं, हा आवाज रेडिओवर गेला तर शत्रू सावध होईल. त्यानं प्रक्षेपण तोडलं. रेकॉर्डिंग मात्र चालू राहिलं. ते आजही ऐकायला मिळतं. विमानांची घरघर वाढत वाढत सगळं आभाळ भरून टाकते आणि खाली ते वीस-बावीस ग्रॅमचं पाखरू न थांबता गात राहतं. आमच्या बैठकीत हे ऐकल्यावर कुणी काही बोललं नाही. चहा तसाच निवला.

आता आक्का आणि वहिनींचा वाद. पाखरू समजूत घालत होतं की भांडत होतं? नाइटिंगेल रात्री एकमेकांना उत्तरं देतात. एकानं शिट्टी घातली की दुसरा त्याच उंचीच्या सुरात शिट्टी घालतो. २०२३मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी पक्ष्यांना वेगवेगळ्या उंचीच्या शिट्ट्या ऐकवल्या, आणि पक्ष्यांनी आपला सूर त्याबरहुकूम लगेच बदलला. म्हणजे बिॲट्रिसला ऐकू आलं ते काही मनाचे खेळ नव्हते, ऐकून सूर जुळवणं त्या पाखराला येतं. पण नर हे करतात ते बहुधा दुसऱ्या नराला. 'ही जागा माझी आहे' असं त्याचं सांगणं असतं. म्हणजे चेलो ऐकून त्याला वाटलं असेल, हा कोण नवा जाडा आवाजाचा गडी आला आपल्या रानात? तेव्हा वहिनींचं म्हणणं बरोबर. पण आक्का काही हार मानायला तयार नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, भांडतानासुद्धा जो समोरच्याचा सूर धरतो, तो निम्मी समजूत घालतोच की."

आजही अशी माणसं आहेत. सॅम ली नावाचे इंग्लिश लोकगायक दर वसंतात लोकांना रात्री रानात नेतात, आणि गायक-वादक तिथं नाइटिंगेलबरोबर गातात, वाजवतात. डेव्हिड रॉथेनबर्ग हे अमेरिकन वादक बर्लिन शहरातल्या बागांमध्ये रात्री क्लॅरिनेट घेऊन जातात. काय वाजवायचं ते आधी ठरवत नाहीत. पाखरू जसं गाईल तसं वाजवायचं, ते थांबलं की थांबायचं. पण ऐकायला पाखरू हवं ना. इंग्लंडमध्ये गेल्या पन्नास वर्षांत नाइटिंगेल सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले. त्याला लागतात दाट, खालपासून गच्च झुडपं, आपल्या करवंदीच्या जाळ्या असतात तशी. लोकांना ती नुसती गचपण वाटते. कुठं साफ केली, कुठं शेत वाढवलं, कुठं घरं झाली, कुठं हरणांनी कोवळे धुमारे खाऊन जाळ्या विरळ केल्या. गाणं कमी झालं ते असं, एकेक बांध साफ होता होता.

आता या गोष्टीतला अवघड भाग. त्यासाठीच आज आम्ही इथं आलो आहोत.

२०२२मध्ये बातमी आली की पहिल्या रात्रीचं ते पाखरू कदाचित पाखरू नव्हतंच. त्या काळी पक्ष्यांच्या हुबेहूब शिट्ट्या घालणारे कलाकार असायचे. मॉड गूल्ड नावाची बाई, रंगमंचावरचं नाव मॅडम साबेरॉन, तिला ऐन वेळी पाखरू गायलं नाही तर म्हणून बोलावून ठेवलं होतं, आणि माणसांच्या, यंत्रांच्या गडबडीनं पाखरं बिथरली म्हणून त्या रात्री शिट्ट्या तिनंच घातल्या, असं म्हणणं पुढं आलं. तसं झालं असावं, असं बीबीसीकडूनही सांगण्यात आलं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. त्या काळी बीबीसीकडे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे ती रात्र पुन्हा ऐकून बघता येत नाही. पुढच्या बारा वर्षांतली पाखरं मात्र खरी होती, १९२७च्या तबकडीवरची खरी, १९४२ची खरी.

बैठकीत यावर जोरात वाद झाला. एक म्हणाली, "दहा लाख लोक कान लावून बसलेत आणि पाखरू गप्प. काय करणार बिचारे? आपणसुद्धा पाहुण्यांसमोर पोराला गायला सांगतो, तेव्हा पोर गातं का?" दुसरी म्हणाली, "मग तसं सांगायचं. आज गायलं नाही, उद्या या, म्हणायचं." तिसरी म्हणाली, "लोकांना आनंद झाला ना? मग झालं." आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण सगळ्यांना एकच गोष्ट आठवली होती.

मैत्रिणींनो, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं कुरडया घातल्या होत्या. गव्हाचा चीक तीन दिवस भिजवून, आंबवून, शिजवून, पहाटे उठून गच्चीवर घातल्या. दुसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला आणि सगळा माल भिजला, बुरशी आली. आठवड्यावर प्रदर्शन होतं. पाहुणे येणार, फोटो निघणार, आपल्या गटाचं नाव होणार. आम्ही बाजारातून कुरडया विकत आणल्या आणि आमच्या पिशव्यांत भरल्या. वर आमची चिठ्ठी लावली. लोकांनी वाहवा केली. एका आजींनी कुरडई हातात घेऊन सांगितलं, "पोरींनो, हाताला चव आहे तुमच्या." आम्ही हसून मान हलवली.

ते आम्ही कुणाला सांगितलं नाही. इतिवृत्ताच्या वहीत फक्त 'माल विकला' एवढंच लिहिलं. पुढच्या वर्षी आम्ही खरंच आमच्या हातच्या कुरडया विकल्या, त्याही लोकांना आवडल्या. फरक कुणालाच कळला नाही. आम्हाला मात्र पहिल्या वर्षीच्या त्या आजी अजून आठवतात. त्यांचं कौतुक आमच्याकडे उसनं पडलेलं आहे.

तेव्हा इथं, या माइकसमोर, आम्ही सगळ्या मिळून सांगतो. त्या वर्षीच्या कुरडया आमच्या नव्हत्या. ज्यांनी घेतल्या असतील त्यांनी यावं, यंदाच्या कुरडयांची एक पिशवी आमच्याकडून घेऊन जावी, पैसे लागणार नाहीत. बैठकीत असा ठराव झाला आहे आणि तो वहीत लिहिला आहे. लिहिताना एक-दोन जणी म्हणाल्या, "आता कशाला उकरून काढायचं? गटाचं नाव जाईल." जाईलही. पण दर महिन्याला आम्ही तुम्हाला सांगतो की हिशेब चोख ठेवा. ज्याला दिसत नाही तो आपल्या शब्दावर विसंबतो, रेडिओ ऐकणाऱ्याचं तसंच असतं. आमच्यापुढे माइक आहे, आणि तुमच्यापुढे फक्त आमचा आवाज.

बिॲट्रिसला त्या रात्री काय माहीत होतं आणि काय नव्हतं, यावर आम्ही बोलणार नाही. एवढं मात्र दिसतं की ती पुढं प्रत्येक वसंतात चेलो घेऊन अंधारात बसली. पाखरू गाईल याची खात्री एकाही रात्री नव्हती. आपण आपलं वाजवायचं, मग थांबायचं, आणि रानाला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. १९६५मध्ये ती गेली. लोकांना आजही ती आठवते ती मोठ्या सभागृहांपेक्षा त्या बागेतल्या चेलोसाठी.

शेवटचं एक. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्यातल्या सात जणी मागच्या रविवारी पहाटे ओढ्याकाठी गेलो. चेलो कुठला आणणार? आमच्यातल्या एक आत्या जात्यावरच्या ओव्या फार छान म्हणतात. त्या जाळीजवळ बसल्या, आम्ही मोबाइल दगडावर ठेवला. दयाळ पक्षी या दिवसांत पहाटे तिथं गातो, काळापांढरा, शेपटी वर करून बसणारा. आत्यांनी चार ओव्या म्हटल्या आणि थांबल्या. काही नाही. आणखी चार म्हटल्या. लांब कुणाचं तरी मोटारपंप चालू झालं. एक कुत्रं भुंकलं. पहिली एसटी हॉर्न वाजवून गेली. आमच्यातल्या एकीला खोकला आला. अर्धा तास झाला, दूध घालायची वेळ झाली, आम्ही उठलो. चपला घालत होतो तेव्हा वरच्या फांदीवरून तो गायला. जेमतेम अर्धा मिनिट. आत्यांना उत्तर दिलं, की 'आता निघा एकदाच्या' म्हणाला, ते आक्का आणि वहिनींनी ठरवावं.

तेच रेकॉर्डिंग आता केंद्रावरचे दादा तुम्हाला ऐकवतील. त्यात पंप आहे, कुत्रं आहे, एसटी आहे, खोकला आहे. पाखरू अगदी शेवटी आहे आणि फार हळू आहे, तेव्हा मिक्सर चालू असेल तर जरा बंद करा. आम्ही त्यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

नमस्कार.